मयताची हरकत

ज्याचा खून केला म्हणून जन्मठेप भोगली तो माणूस जिवंत निघाला, तर त्याला आता खरोखर मारलं तरी कायदा काही करू शकत नाही, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, हे वाक्य सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. हा समज एका अख्ख्या प्रकरणावर घासून पाहावा, म्हणून हे लिहितो आहे.

प्रकरण मी रचलेलं आहे. त्यातली माणसं कुठेही नाहीत, म्हणून त्यांना नावंही दिलेली नाहीत. आरोपी, मयत आणि फिर्यादी एवढीच ओळख पुरे. जागा, न्यायालयं, कलमं आणि निकाल मात्र खरे आहेत. घटना जुन्या कायद्याच्या काळातली धरली आहे, त्यामुळे कलमांचे आकडे भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे आहेत. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. गरज पडेल तिथे नवा आकडा सांगेन.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचा, जांबोटीच्या पट्ट्यातला भातशेतकरी हा आरोपी. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मयत त्याचा चुलतभाऊ, बिनलग्नाचा आणि कर्जात बुडालेला. फिर्यादी मयताचा सख्खा भाऊ. वडिलोपार्जित जमीन सामाईक होती. रस्त्याकडच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं तेव्हा दोघे भाऊ विकायला तयार झाले, आरोपी सही देईना. गावात भांडण झालं आणि चारचौघांनी ते ऐकलं. ऐन पावसात मयत नाहीसा झाला. तीन आठवड्यांनी मलप्रभेच्या पात्रात खानापूरजवळ एक कुजलेला देह सापडला. फिर्यादीने कपडे आणि कमरेचा करगोटा पाहून सांगितलं, हा माझा भाऊ.

या एका वाक्यामागचं कारण भारतीय पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमात आहे. बेपत्ता माणसाची सात वर्षं खबर नसेल तरच कायदा त्याला मेलेला धरतो (नव्या साक्ष अधिनियमात हेच कलम १११ आहे). म्हणजे भाऊ नुसता पळून गेला असता तर विम्याचे पैसे सात वर्षं अडकले असते, वारसा लागला नसता आणि सावकार दारात येतच राहिले असते. देह मिळाला आणि सगळं तीन आठवड्यांत मोकळं झालं. फिर्यादीने कुणाला मारलं नाही, देहही आणून टाकला नाही. नदीने आणलेल्या एका अनोळखी माणसाला त्याने आपल्या भावाचं नाव दिलं. खून म्हटल्यावर खुनी हवा, आणि जमिनीचं भांडण तर गावाने ऐकलेलंच होतं.

पोलिसांनी आरोपीला उचललं. त्याचा जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला. एका शिपायाने त्याचा मतलब मराठीत तोंडी सांगितला आणि खाली आरोपीने देवनागरीत सही केली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पुराव्यात चालत नाही, पण त्या जबाबावरून काही वस्तू हाती लागली तर तेवढा भाग २७ व्या कलमाने आत येतो. त्याच्याच गोठ्यामागून एक कोयता ‘काढून दिला’ असा पंचनामा झाला. या पट्ट्यात कोयता नसलेलं घर शोधावं लागेल. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने स्वातंत्र्याआधीच पुलुकुरी कोटय्या खटल्यात स्पष्ट केलं होतं की वस्तू कुठे होती आणि आरोपीला ती ठाऊक होती, एवढंच अशा शोधातून सिद्ध होतं. त्याच वस्तूने खून झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. सत्र न्यायालयात ही रेघ पुसट झाली. कलम ३०२ (खून) आणि २०१ (पुरावा नाहीसा करणं) खाली जन्मठेप लागली आणि आरोपी हिंडलग्याच्या कारागृहात गेला. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात अपील दाखल झालं आणि पडून राहिलं.

मला या खटल्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा कोयत्याची वाटत नाही. ती शवविच्छेदन अहवालाची आहे.

मयत लहान असताना फणसावरून पडला होता. डावा हात कोपराखाली मोडला, बेळगावात शस्त्रक्रिया झाली आणि हाडाला धातूची पट्टी बसवली गेली. ती पुढे कधी काढलीच नाही. त्याला पाठीवर घेऊन बसथांब्यापर्यंत धावलेला मुलगा म्हणजे पुढे आरोपी झालेला हा चुलतभाऊ. शवविच्छेदन अहवालात डाव्या हाताच्या हाडांची नोंद आहे, पट्टीचा उल्लेख नाही. धातू कुजत नाही. पट्टी नव्हती, तर तो हात मयताचा नव्हता.

अहवाल इंग्रजीत होता. साक्षी कन्नडमध्ये नोंदल्या गेल्या. आरोपी मराठीत विचार करत होता. न्यायालयात पट्टीची माहिती खरेपणाने सांगू शकणारा एकमेव माणूस पिंजऱ्यात उभा होता, आणि पट्टी नसल्याचा कागद त्याच्यापासून दहा हातांवर टेबलावर होता. त्या दोघांची गाठ अकरा वर्षं पडली नाही. मोफत कायदा साहाय्यातून मिळालेल्या वकिलाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले, तेही मृत्यूच्या वेळेबद्दल. फिर्यादीला पट्टी माहीत होती, पण तो कशाला बोलेल? आईला माहीत होती. देह बघवणार नाही म्हणून तिला तो दाखवलाच नाही आणि साक्षीलाही बोलावलं नाही.

कायद्यात याची तरतूद नव्हती असं कुणी म्हणू नये. फौजदारी प्रक्रिया संहितेचं २७९ वं कलम सांगतं की आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे. दस्तऐवज औपचारिक पुराव्यासाठी दाखल होतात तेव्हा त्यातलं किती समजावून सांगायचं, हे न्यायालयाच्या विवेकावर सोडलं आहे. अहवाल निसटला तो याच फटीतून. ३१३ व्या कलमाखाली न्यायाधीशांनी आरोपीला प्रत्येक प्रतिकूल मुद्द्यावर विचारायचं असतं. तसं विचारलंही गेलं आणि आरोपी प्रत्येक प्रश्नाला ‘खोटं आहे’ म्हणाला. पण देह चुलतभावाचाच होता हे सगळ्यांनी, त्यानेसुद्धा, धरूनच चाललं होतं. तो इतकंच म्हणत होता की मी मारलं नाही. भाऊ मेला म्हणून तो कोठडीत रडला होता.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाने भाषेसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. या सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जेव्हा सुटायचा तेव्हा सुटेल. पण २७९ व्या कलमाला सीमा लागत नाही. ते बेळगावात मराठी माणसाला जितकं लागू आहे तितकंच सोलापुरात कन्नड माणसाला लागू आहे. प्रत्येक फौजदारी वकिलाने पहिल्याच तारखेला दुभाषा मागितला आणि नकार मिळाल्यास तो नोंदीवर आणला, तर अपिलात तो मुद्दा उभा राहतो. ही मागणी फारशी होत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

परिस्थितीजन्य पुराव्याचा कस काय, हे शरद बिरदीचंद सारडा खटल्यात १९८४ मध्ये ठरलं आहे. साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषपणाशी जुळणारी एकही शक्यता उरू नये. आणि खून सिद्ध करायला देह सापडलाच पाहिजे असं नाही, पण तेव्हा दुप्पट जपून पावलं टाकावीत, हे रामानंद खटल्याने १९८१ मध्ये सांगितलं. इंग्लंडात १६६० मध्ये नाहीशा झालेल्या एका माणसाच्या खुनाबद्दल तिघांना १६६१ मध्ये फाशी दिलं आणि १६६२ मध्ये तो माणूस चालत घरी आला, तेव्हापासून न्यायाधीशांना न सापडलेल्या देहाची धास्ती आहे. चुकीचा देह सापडण्याची धास्ती मात्र कुणाला वाटत नाही. देह समोर असला की सगळे निर्धास्त होतात, ओळखीचा प्रश्न एका नातेवाइकाच्या सहीवर सुटतो. या प्रकरणात हाड राखून ठेवलेलं होतं आणि आई जिवंत होती. डीएनए जुळवायला तेवढं पुरेसं होतं, पण ते कुणी केलं नाही. कोडगू जिल्ह्यातल्या खऱ्या प्रकरणात पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला माणूस तुरुंगात राहिला, सापळ्याचा डीएनए जुळत नव्हता, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती पत्नी जिवंत समोर आली. आपल्याच राज्यातली ही गोष्ट आहे.

अकराव्या वर्षी, अपील सुनावणीला येत नाही या कारणावर, ३८९ व्या कलमाखाली शिक्षा स्थगित झाली आणि आरोपी जामिनावर सुटला. बेळगाव जिल्ह्याबाहेर जायचं नाही ही अट होती. नवी वकीलबाई मिळाली. तिने सगळी फाइल मराठीत करून घेतली आणि त्याच्यासमोर ओळ न ओळ वाचली. शवविच्छेदनाच्या पानावर तो थांबला आणि म्हणाला, “बाई, पट्टी कुठं हाय?”

त्याच सुमारास बेळगावची भाजी गोव्यात नेणारा गावातला एक गाडीवाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परत आला. त्याने मयताला पाहिलं होतं. नाव दुसरं, दाढी वाढलेली, पण तोच.

गावातली पोरं आरोपीच्या ओसरीवर जमली. “एकदा जन्मठेप झालीया न्हवं? मग आता खरंच मारलास तर कोण काय करतंय?”

आता त्या समजाकडे येऊ. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(२) म्हणतो की एकाच अपराधासाठी एकापेक्षा जास्त वेळा खटला आणि शिक्षा होणार नाही. प्रक्रिया संहितेचं ३०० वं कलम (नव्या संहितेत ३३७) तेच सविस्तर सांगतं. दोन्हींचा आधार आहे तोच अपराध, तीच वस्तुस्थिती. खानापुरात अमुक पावसाळ्यात कोयत्याने झालेला कथित खून हा एक अपराध. म्हापशात आज झालेला खून हा दुसरा. दिवस, जागा आणि कृती सगळंच वेगळं. माणूस एकच आहे म्हणून अपराध एक होत नाही. शिवाय ३०० व्या कलमाचं कवच आधीची शिक्षा कायम असेपर्यंतच टिकतं. मयत त्या दिवसापर्यंत जिवंत होता हे नव्या खटल्यात सिद्ध होताच जुन्या शिक्षेचा पायाच उडतो. आणि भोगलेली अकरा वर्षं नव्या शिक्षेतून वजा होत नाहीत, कारण ४२८ व्या कलमाखालची वजावट त्याच खटल्यातल्या कैदेपुरती आहे. म्हणजे ज्याने एकदा न केलेल्या खुनाची शिक्षा भोगली, तो केलेल्या खुनाची पहिल्या दिवसापासून भोगेल. फिर्यादीला याहून मोठी भेट काय द्यायची?

वकीलबाईपुढची अडचण वेगळी होती. आरोपी गोव्यात गेला तर जामीन रद्द. कुणी जाऊन मयताला धरलं तर धमकीचा आरोप, आणि मयत पुन्हा परागंदा. गाडीवाल्याचा नुसता शब्द उच्च न्यायालयात टिकणार नाही. पोलिसांत तक्रार द्यावी तर खबर आधी कुठे पोहोचेल याची खात्री नव्हती. तिला मयताचा स्वतःचा हात कागदावर हवा होता, आणि तोही त्याने आपणहून दिलेला.

तिने माणसांचा विचार केला. विम्याचे पैसे फिर्यादीला मिळाले होते. मयताचा हिस्सा वारसाने आईकडे आणि आईच्या हक्कसोडीने फिर्यादीकडे गेला होता. कायद्याने मेलेला माणूस भावाकडे हिस्सा मागणार कुठल्या तोंडाने? तो दावा लावू शकत नाही, पोलिसांत जाऊ शकत नाही. इतकी वर्षं तो भावाच्या दयेवर असणार, आणि अशी दया फार दिवस पुरत नाही.

जमिनीला आता खरं गिऱ्हाईक होतं, आरोपीचे भाऊजी. त्यांनी फिर्यादीशी रीतसर संचकारपत्र (विसार देऊन खरेदीचा करार) केलं आणि पैसे मोजले. मग नेहमीप्रमाणे जाहीर नोटीस आली, बेळगाव आणि गोवा दोन्हीकडे वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात: अमुक सर्व्हे नंबर, कैलासवासी अमुक यांच्या हिश्श्यासह, इतक्या रकमेला खरेदी करण्याचे आमच्या अशिलाने ठरवले आहे, कुणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास १५ दिवसांत कागदपत्रांसह लेखी हरकत घ्यावी. नोटिशीत एकही शब्द खोटा नव्हता, आणि तो नसणं महत्त्वाचं होतं. वकिलाने खोटी नोटीस काढली असती तर पुढचा सगळा पुरावा डागाळला असता. मयताची मृत्यूची तारीख मात्र नोटिशीत नव्हती. ती द्यावी असा नियमही नाही. रक्कम ठळक छापली होती.

मुदत संपता संपता गोव्यातल्या एका वकिलामार्फत हरकत आली. हरकतदाराचं नाव अनोळखी. त्याचं म्हणणं असं की जमिनीच्या अर्ध्या रकमेवर आपला हक्क आहे आणि तसा फिर्यादीचा लेखी करार आहे. सोबत झेरॉक्स होती. चंदगडला घेतलेल्या स्टॅम्प पेपरवर, शुद्ध मराठीत, फिर्यादीने कबूल केलं होतं की ‘तुझा हिस्सा माझ्या नावे झाला असला तरी विक्रीची निम्मी रक्कम तुला देणे लागतो’. खाली दोन सह्या होत्या. एक फिर्यादीची, दुसरी मयताची, त्याच्या मूळ नावाने. तारीख खुनाच्या तारखेनंतर दोन वर्षांची.

मयताने हा कागद मागितला होता तो भावावर विश्वास नव्हता म्हणून. राज्याची हद्द ओलांडून चंदगडला घेतला तो कुणी ओळखू नये म्हणून. पण महाराष्ट्रातल्या मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत खरेदीदाराचं नाव, कारण आणि सही असते, आणि तिथे फिर्यादीने स्वतःच्या हाताने सही केली होती. जिवंत असल्याचा एवढा एकच पुरावा मयताने जपून ठेवला होता, आणि रक्कम बघून तोच बाहेर काढला.

पुढचा रस्ता सरळ आहे, तरी पावलांचा क्रम चुकवू नये. आधी उच्च न्यायालयात ३९१ व्या कलमाखाली जादा पुराव्याचा अर्ज (नव्या संहितेत ४३२): करार, मुद्रांक नोंदवही, शवविच्छेदन आणि पट्टीबद्दल आईचं शपथपत्र. न्यायालय मयताला समन्स काढतं, हाताचा एक्स-रे आणि आईशी डीएनए जुळवणी होते, शिक्षा रद्द होते. जमिनीचा फेरफार कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या १३६ व्या कलमाखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे जातो आणि भाऊजींचे पैसे फिर्यादीला परत करावे लागतात. विम्याची फसवणूक हा वेगळा गुन्हा, त्याची फिर्याद विमा कंपनी देईल.

मग येतो ३४० व्या कलमाचा अर्ज (नवं ३७९). न्यायालयापुढच्या खोट्या पुराव्याबद्दल पोलीस किंवा पीडित थेट खटला भरू शकत नाहीत. १९५ व्या कलमाने तो अधिकार न्यायालयाकडेच ठेवला आहे, अपील न्यायालयालाही तो आहे. न्यायालयाने प्राथमिक चौकशी करून लेखी तक्रार करायची. आणि कोणत्या कलमाखाली? दंड संहितेच्या १९४ (नव्या न्याय संहितेत २३०). फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कुणाला दोषी ठरवण्यासाठी जो खोटा पुरावा देतो त्याला जन्मठेप, किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आरोपीला जी शिक्षा झाली होती, तीच आता त्याच न्यायव्यवस्थेच्या तक्रारीवरून फिर्यादीच्या डोक्यावर येते. आरोपीने कुणाला हातही लावलेला नाही. मयतही सुटत नाही. दुसऱ्याला शिक्षा झाली हे माहीत असून करार केला, हे सिद्ध झालं तर कटाचा आरोप त्याच्यावरही आहे.

३४० चे अर्ज बहुधा धूळ खात पडतात, कारण ‘न्यायाच्या हिताचं’ वाटलं तरच न्यायालय पुढे जातं. म्हणून वकीलबाईने तो अर्ज निर्दोषत्वाच्या सुनावणीसोबतच दाखल केला, म्हणजे निकालातच त्यावर बोलावं लागेल. हा तिचा निर्णय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

भरपाईचं काय? चुकीच्या शिक्षेसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तो सुचवला. तोवर अनुच्छेद २१ (जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) आणि त्यासाठी वरिष्ठ न्यायालयात थेट केलेली रिट याचिका, एवढाच रस्ता. रुदल शाह निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं तुरुंगात होता, त्याला १९८३ मध्ये एकूण ३५,००० रुपये मिळाले. हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख. अकरा वर्षं भाताची लावणी चुकलेल्या शेतकऱ्याचा दर कुठल्या तक्त्यात आहे, हे मला कुणी दाखवावं.

वकीलबाईचा शेवटचा अर्ज आरोपीने सांगून करवून घेतला. मलप्रभेत सापडलेला तो माणूस कोण, याचा तपास पुन्हा सुरू करा, अकस्मात मृत्यूची नोंद १७४ व्या कलमाखाली नव्याने उघडा आणि राखलेल्या हाडाचा डीएनए त्या पावसाळ्यातल्या बेपत्ता नोंदींशी जुळवा. सरकारी वकील म्हणाले, एवढ्या वर्षांनी कुठे शोधायचं? अर्जात उत्तर होतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरपर्यंतचं तिचं पाणी याच तालुक्यातल्या गावांवरून येतं. गावांची यादी अर्जाला जोडली होती, आणि प्रत्येक गावासमोर त्या वर्षीच्या बेपत्ता तक्रारीसाठी एक रिकामा रकाना सोडला होता.